आपल्या मुलखातले वेध : एका विषयाची प्रस्तावना

विज्ञानाचे नाव काढले की आपल्याकडच्या पुष्कळांना शाळेतली कुलूपबंद प्रयोगशाळा आठवते, नाहीतर दूरदर्शनवरचे उपग्रहाचे उड्डाण. दोन्ही ठिकाणी आपण प्रेक्षक. विज्ञान मुंबई-पुण्यात किंवा परदेशात घडते आणि पेण-रोह्याकडे ते पुस्तकातून किंवा मोबाइलमधून येते, अशी आपली बहुतेकांची समजूत असते. वाचकांनी ही समजूत थोडा वेळ बाजूला ठेवावी, एवढीच सुरुवातीची विनंती. रायगड, म्हणजे १९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा, हा शोधांचा आणि शोधकांचा मुलूख आहे. त्यांच्या गोष्टी आपल्या घरांत फारशा सांगितल्या जात नाहीत, म्हणून त्या इथे सांगायच्या आहेत.

मी राहतो ते खांब हे रोहा तालुक्यातले गाव मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठणे आणि कोलाड यांच्या मध्ये आहे. इथून निघून एका दिवसात पोहोचता येईल अशाच ठिकाणांभोवती ही प्रस्तावना फिरते. विषय दुहेरी आहे. एक, सृष्टीत काय आणि कसे घडते हे शोधून काढण्याचा आनंद. दुसरा, इहवादी दृष्टी, म्हणजे या जगातल्या घडामोडींची कारणे याच जगात शोधायची, आणि ज्ञानाच्या प्रश्नात जात, पंथ, पोथी, पदवी यांपैकी कशालाही पुराव्याहून उंच पाट मांडायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून येतात असे मला वाटते. ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ असे विचारण्याची ती सवय.

ही सवय परक्यांनी आणून दिली असे ज्यांना वाटते त्यांनी आधी मुरूडजवळच्या नांदगावला जावे. समुद्राकाठच्या या गावात गणेश दैवज्ञ होऊन गेले. त्यांनी शके १४४२ च्या, म्हणजे इसवी सन १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रात आणि शेजारच्या प्रांतांत पंचांगे या ग्रंथावरून होत राहिली. ज्या आणि कोटिज्या (साइन आणि कोसाइन) यांचे किचकट गणित न करता ग्रहांची स्थाने काढण्याची सोय त्यांनी करून दिली, म्हणून ग्रंथ लोकप्रिय झाला. मला मात्र त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यांच्या काळी सौर, आर्य आणि ब्राह्म असे गणिताचे वेगवेगळे पक्ष होते आणि प्रत्येक पक्षाला आपल्या ग्रंथाचा अभिमान होता. गणेश दैवज्ञांनी एकाच पक्षाची बाजू घेतली नाही. कोणत्या ग्रहाचे स्थान कोणत्या पक्षाच्या गणिताने आकाशाशी जुळते ते पाहिले, जिथे जुळले नाही तिथे अंक सुधारून घेतले आणि तसे लिहून ठेवले. त्यांचे वडील केशव दैवज्ञ याच वृत्तीचे. पुढे फरक पडेल तेव्हा पुढच्या गणकांनी नवे वेध घेऊन नवे गणित बांधावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. आपल्या ग्रंथाला मुदत असते हे पाचशे वर्षांपूर्वीचा ग्रंथकार स्वतः कबूल करतो, याहून विज्ञानाला जवळची वृत्ती कोणती? हे बापलेक श्रद्धाळू होते आणि मुहूर्तशास्त्रावरही त्यांचे लेखन आहे, हेही सांगायला हवे. आजच्या आपल्या मोजपट्टीवर त्यांचे सगळे उतरणार नाही. ग्रहांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांनी आकाशाला दिला, हे मात्र पक्के.

त्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नागावला, १८२५ साली केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे जन्मले. केरूनाना तरुणपणीच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीला लागले. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये सुरू केलेल्या या वेधशाळेत चुंबकसूचीची स्थिती, हवेचा दाब आणि तापमान ठरावीक वेळी वाचून वहीत उतरवायचे काम असे. ते कंटाळवाणे वाटेल, पण मोजमापाची शिस्त अंगी बाणवायला त्याहून चांगली शाळा नाही. पुढे केरूनाना पुण्यात गणिताचे आणि सृष्टिशास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले, आणि टिळक-आगरकरांच्या पिढीला त्यांनी शिकवले. जुन्या कोष्टकांवरून काढलेले ग्रह आणि आकाशात दिसणारे ग्रह यांत आता अंतर पडले आहे हे त्यांनी दाखवून दिले, आणि १८६० मध्ये युरोपीय कोष्टकांच्या आधारे मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. नांदगावच्या केशव दैवज्ञांनी पुढच्यांवर सोपवलेले काम साडेतीन शतकांनी नागावच्या माणसाने केले. नांदगाव आणि नागाव एकाच किनाऱ्यावरची गावे आहेत. आपल्या मुलांना हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

केरूनानांनी ज्या वेधशाळेत उमेदवारी केली तीच वेधशाळा पुढे आपल्या जिल्ह्यात आली, आणि ती का आली हे कारण मोठे गमतीचे आहे. एकोणिसावे शतक संपता संपता मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. वीजप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. रस्त्यावरून ट्राम धावू लागली की पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक चढउतार टिपणारी उपकरणे ट्रामचीच नोंद करणार. त्या वेळी नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे संचालक होते. त्या जागेवरचे ते पहिले भारतीय. शहराची ट्राम अडवायची नाही आणि पन्नास वर्षांची नोंदही तुटू द्यायची नाही, म्हणून त्यांनी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली. आता वेधशाळेची इमारत बांधायची तर कोकणचा काळा दगड चालत नाही, कारण त्यात लोहचुंबकी खनिजाचे कण असतात. म्हणून पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंडी खिळे-बिजागऱ्यांच्या जागी पितळ-तांब्याचे सामान वापरले. १९०४ मध्ये अलिबागला वेध सुरू झाले. लगेच कुलाब्याचे काम थांबवले असते तर नव्या-जुन्या आकड्यांचा मेळ घालता आला नसता. मूस यांनी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, दोन्ही जागांमधला फरक नक्की केला, आणि मगच १९०६ मध्ये कुलाब्याचे वेध बंद केले. विजेची ट्राम मुंबईत मे १९०७ मध्ये धावली.

दोन वर्षे दुहेरी काम करण्याचा हा निर्णय वाचकांनी थोडा वेळ मनात घोळवावा. विज्ञानाच्या इतिहासात शोधाच्या क्षणांचे कौतुक होते, पण अशा निर्णयांवर त्या शोधांचा पाया असतो. अशा नेटाने जपलेल्या नोंदींचे फळ किती उशिरा मिळू शकते याचाही नमुना कुलाब्याच्याच वह्यांत आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्याच्या पृष्ठावर एक प्रचंड भडका दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्याच्या चुंबकसूचीने अशी काही डुबकी मारली की तिथल्या निरीक्षकांनी ती इमानेइतबारे वहीत टिपून ठेवली. तेव्हा त्याचा पूर्ण अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. जवळजवळ दीड शतकाने, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून त्या वह्यांचा अभ्यास केला. क्षैतिज चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती, असे त्यातून निघाले. त्या ऐतिहासिक सौर वादळाची तीव्रता ठरवायला जगाला या मुंबईच्या वहीचा आधार घ्यावा लागला. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या सौर वादळांपासून कशा सांभाळायच्या हा प्रश्न सगळ्या देशांपुढे आहे. ती संस्था नव्या पनवेलला आहे आणि अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत काम करते. पेणहून अलिबागला नातेवाइकांकडे किंवा समुद्रावर जाणाऱ्यांनी एकदा या वेधशाळेच्या बाजूनेही जावे.

आकाश आणि चुंबक ही दूरची प्रकरणे झाली. आता घरातल्या, खरे तर घराच्या कौलांतल्या आणि भाताच्या पेंढ्यातल्या गोष्टीकडे या. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, मरत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा या दंशावर ठोस उपचार नव्हता. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला दोन-चार ओळी. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करायला सुरुवात केली. घाम कधी फुटतो, हातपाय गार कधी पडतात, नाडी आणि रक्तदाब कसे बदलतात, श्वास कोणत्या वेळी लागतो, हे सगळे कागदावर येऊ लागले. त्या नोंदींतून चित्र स्पष्ट झाले. विषामुळे शरीरातली उत्तेजक संप्रेरके एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भयंकर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. १९८२ मध्ये हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. रोग्याला मारते काय हे कळल्यावर औषधाचा विचार करता आला. रक्तवाहिन्यांचा आवळ सोडवणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी वापरून पाहिले. १९८६ मध्ये त्यावरचा लेखही ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांतला मृत्यूचा आकडा शंभरात चाळिसाच्या घरात होता. तो एकावर आला. साधी, स्वस्त, तोंडाने द्यायची गोळी, आणि ती कशी द्यायची हे ठरले महाडच्या मुलखात.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. पुढे विंचवाच्या विषावरची लस उपलब्ध झाली तेव्हा बावस्करांनी आपल्याच उपचाराची परीक्षा घेतली. काही रुग्णांना नुसते प्राझोसिन, काहींना प्राझोसिन आणि लस. लस मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले, आणि हा निष्कर्ष त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या औषधाने नाव मिळवून दिले त्यातही भर घालण्याजोगे आहे हे स्वतःच दाखवायला मोठे मन लागते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली याचा आनंद आहेच, पण आनंदाचे खरे कारण बिरवाडीतल्या त्या नोंदी आहेत.

इथे कोणी विचारील, मग विंचू उतरवणारे मांत्रिक इतकी वर्षे चालले कसे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसून उडवून लावणे हे विज्ञानाचे काम नव्हे. उत्तर असे. मोठी काळी इंगळी चावली तर वेदना असह्य होतात, पण माणूस बहुधा मरत नाही. काही तासांनी वेदना आपोआप ओसरतात. लाल विंचवाच्या दंशातही सगळेच रुग्ण गंभीर होत नाहीत. जे तसेही बरे होणार होते त्यांचे श्रेय मंत्राला मिळाले, आणि जे गेले त्यांचा ‘काळच आला होता’. एका बाजूचा हिशेब लक्षात राहिला, दुसऱ्या बाजूचा पुसला गेला. माणसे मूर्ख होती असे यातून निघत नाही. दोन्ही बाजू लिहून ठेवणारा कोणी नव्हता, इतकेच. नवख्या वाचकाने या विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी. एखादा उपाय गुणकारी आहे असे कोणी सांगितले की ज्यांना गुण आला नाही त्यांची, आणि उपायाशिवाय जे बरे झाले त्यांची, संख्या विचारावी. डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी याच रीतीने घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे जन्मपत्रिका जमवल्या आणि कोणती कोणाची ते ज्योतिषांना ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, आणि बरोबर निघालेल्या उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवूनही एवढे जमते. या चाचणीत कोणाचा अपमान नव्हता. ज्योतिषांना जे येते असे ते म्हणतात तेच त्यांना करून दाखवायला सांगितले होते.

इहवादाविषयी एक भीती असते आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे. हा विचार घरात आला तर देव्हारा जाईल, गणपती जाईल, सणवार जातील, अशी ती भीती. पेणसारख्या गावाचे नावच गणेशमूर्तींमुळे देशभर झाले आहे, तिथल्या माणसाला ही शंका यावी यात नवल नाही. तुम्ही मनात कोणाला नमस्कार करता हा प्रश्न इथे नाही. प्रश्न आहे तो अमुक गोष्ट खरी आहे, किंवा अमुक माणसाला अमुक करू देऊ नये, असा दावा चारचौघांत केला जातो तेव्हाचा. पेण तालुक्यातल्याच गागोद्याला १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे आयुष्यभर ईश्वरनिष्ठ राहिले. पंथाभिमानाचे दिवस संपले, यापुढे विज्ञान आणि अध्यात्म यांनीच माणसाचे काम होईल, असे ते आग्रहाने सांगत. माझे त्यांच्याशी सगळे जमत नाही. अध्यात्माला त्यांनी दिलेली जागा मी देणार नाही. पण विज्ञानाला घाबरण्याचे भाविक माणसाला कारण नाही, हे त्यांच्याइतक्या अधिकाराने मला सांगता येणार नाही.

दाव्याला पुरावा मागणे किती मोठे काम करते ते महाडला दिसते. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तेव्हा मोठा गहजब झाला, आणि नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. जनावरे ज्या पाण्यावर येत ते पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले, असे म्हणणाऱ्यांकडे रूढीशिवाय दुसरा आधार नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले. तळे स्पृश्यांचे आणि वहिवाट अनादी, असा वादींचा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. ‘हे पहिल्यापासून असेच आहे’ या वाक्यापुढे कोणीतरी ‘कशावरून?’ असे लिहिले, दहा वर्षे त्या प्रश्नाला धरून राहिले, आणि वाक्य कोसळले. विज्ञानाच्या पुस्तकात चवदार तळ्याचे नाव येत नाही. या विषयाच्या प्रस्तावनेत ते आलेच पाहिजे.

हीच कसोटी आपल्या आवडत्या अभिमानालाही लावायला हवी. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, असे कोकणात कौतुकाने सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी हेलियमच्या शोधाचा संबंध आहे हे खरे, पण त्या ग्रहणात पियेर जान्सन यांनी वेध घेतले ते आंध्रातल्या गुंटूरला, आणि नॉर्मन लॉकयर यांना सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा दिसली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडात. लॉकयर विजयदुर्गला आले जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तीस वर्षांचे अंतर लोकांच्या तोंडी मिटले. ही दुरुस्ती केल्याने विजयदुर्गाचे काही जात नाही. ग्रहण पाहायला इतक्या लांबून माणसे तिथे आली, आपली यंत्रे त्यांनी तिथे मांडली, हा इतिहास खराखुरा आणि पुरेसा मोठा आहे.

आता वाचकांनी सुरुवात कुठून करावी याविषयी. पुस्तकांपैकी नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ आणि दाभोलकरांचे ‘तिमिरातुनी तेजाकडे’ आधी घ्यावे. पहिल्यात शोधाचा आनंद आहे, दुसऱ्यात त्याची समाजातली बाजू. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, हे ठाऊक ठेवून ते दुसरे पुस्तक वाचावे. आगरकरांचे निबंध सावकाश, एका वेळी एकच. १९२८ पासूनच्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाचे जुने अंक ग्रंथालयात मिळाले तर कोणताही अंक उघडावा, क्रम पाहू नये. न कळलेला भाग ओलांडून पुढे जायला हरकत नाही. कळले नाही ते मात्र वहीत लिहावे.

पुस्तकाच्या जोडीला एक तरी गोष्ट प्रत्यक्ष पाहावी. त्यासाठी पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा किहीमचा पावसाळा आठवा. १९३० मध्ये हातात नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. जवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास खोप्यांसमोर बसत आणि टिपणे काढत. खोपा मादी विणते अशी आपली लाडकी समजूत, बहिणाबाईंच्या कवितेने ती अजरामर केली आहे. टिपणांतून निघाले ते वेगळेच. खोपा विणतो नर, तोही एकामागून एक अनेक. अर्धवट झालेल्या खोप्यांची पाहणी करायला माद्या येतात, पसंत पडला तर त्यात राहतात, आणि ती मादी अंड्यांवर बसली की नर पुढच्या खोप्याला लागतो. १९३१ मध्ये हा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी तो वाखाणला. या कामाला शिडी, दुर्बीण, वही आणि चिकाटी एवढेच भांडवल लागले. कवितेचे सौंदर्य यात तसूभर कमी झाले असे मला वाटत नाही. ती आईच्या मायेविषयी आहे, आणि माया खरी आहे.

पाऊस लागला की तुमच्याही गावात शिंदीच्या झाडावर किंवा विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणी खोपे बांधायला घेतील. एक झाड ठरवा. अर्धे खोपे किती आणि पुरे झालेले किती, हे दर आठवड्याला एकाच वेळी मोजा आणि तारीख घालून लिहा. खोप्यांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत आणि पाऊस कोणत्या दिशेने येतो, हे शेजारी शेजारी लिहा. खोप्यातल्या मातीच्या गोळ्याला सुगरण उजेडासाठी काजवा चिकटवते असे म्हातारी माणसे सांगतात. त्यांना तसे कोणी पाहिले आहे का ते आदराने विचारा, मग एखाद्या रात्री, पिलांना त्रास होणार नाही इतक्या लांबून, स्वतः पाहा. टाकून दिलेला खोपा खाली पडलेला मिळाला तर उघडून माती नेमकी कुठे आहे ते चितारून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तेच झाड पुन्हा मोजा, आणि दोन वर्षांचे आकडे जुळले नाहीत तर का, ते शोधायला लागा.

खांब, ता. रोहा, जि. रायगड